पाण्याला वाट

प्रस्तावना



रायपूरहून भिलाईकडे निघाले, की टाटीबंधनंतर खारून नदीचा पूल लागतो. पूल ओलांडताच रायपूर जिल्हा संपतो, दुर्ग जिल्हा सुरू होतो आणि कुम्हारी हे गाव येते. गावाचे नाव ऐकले, की कुंभाराची, ओल्या मातीची आणि मडक्याची आठवण होते. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, तेव्हा नोकरीच्या निमित्ताने या पट्ट्यात अनेक मराठी कुटुंबे येऊन स्थायिक झाली. या कुटुंबांतील एखाद्या मुलाला तुम्ही विचारले, की ‘समुद्राची पातळी वाढली तर तुझे काय बिघडेल?’ तर तो सहज म्हणेल, ‘समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. आमचे काय बिघडणार?’

हे उत्तर वरवर पाहता बरोबर वाटते. परंतु कुम्हारीच्या छपरावर पडलेल्या पावसाच्या थेंबाचा प्रवास पाहा. तो नाल्यातून खारून नदीत जातो. खारून पुढे शिवनाथ नदीला मिळते, शिवनाथ महानदीला मिळते. महानदीचे पाणी हिराकुड धरणात येते आणि तेथून ओडिशाच्या सखल त्रिभुज प्रदेशातून बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे कुम्हारीच्या अंगणातील पाणी आणि समुद्रकाठच्या खेड्याच्या दारातील पाणी ही एकाच वाटेची दोन टोके आहेत. वरच्या टोकाला पाणी घाईने सोडले, तर खालच्या टोकाला त्याचा भार पडतो. खालच्या टोकाला समुद्र उंचावला, तर नदीचे पाणी तुंबते.

घरे, गावे आणि शहरे या वाटेवर कशी वसवावीत, म्हणजे पुराच्या काळातही माणसे सुरक्षित राहतील, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• शहरात पूर येण्याची नैसर्गिक व मानवनिर्मित कारणे सांगू शकाल;
• पुराला तोंड देणाऱ्या इमारतीची वैशिष्ट्ये स्पष्ट करू शकाल;
• पूररेषा, खाजन जमीन, खारफुटी आणि तळी यांचे कार्य समजावून सांगू शकाल;
• आपल्या परिसरातील पाण्याच्या वाटेचे निरीक्षण करून आपले मत मांडू शकाल.

१. पूर कोठून येतो?

एक साधा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी होते. आपल्याकडील पाण्याचा टँकर साधारणपणे तेवढेच पाणी आणतो. एका घराच्या गच्चीवरून एक टँकर पाणी उतरते, तर हजार घरांच्या वस्तीतून हजार टँकर उतरणार, हे उघड आहे.

ही वस्ती होण्यापूर्वी तेथे शेत, गवत, झाडे किंवा तळे असते. पावसाचे काही पाणी जमिनीत मुरते, काही खाचरात साठते, उरलेले सावकाश नाल्याकडे जाते. वस्ती झाली, की मातीवर सिमेंट आणि डांबर येते. तेच पाणी आता मुरत नाही, थांबतही नाही. ते एकाच वेळी नाल्याकडे धाव घेते. पाऊस तेवढाच असतो. मात्र पूर पूर्वीपेक्षा लवकर येतो आणि मोठा येतो.

त्यात हवामानबदलाची भर पडली आहे. तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते, त्यामुळे थोड्या तासांत अतिशय जोराचा पाऊस पडण्याचे प्रसंग वाढतात. समुद्राचे पाणीही तापते. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि हिमनद्या वितळून त्यात भर पडते. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग दरवर्षी ३.७ मिलिमीटर एवढा झाला. हे आकडे लहान दिसतात. परंतु ज्या शहराची गटारे भरतीच्या पाण्यापेक्षा खाली उघडतात, त्या शहराला बोटभर वाढही जाणवते. असे एक शहर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

२. मुंबई : २६ जुलै २००५

आजची मुंबई पूर्वी एकसंध नव्हती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी सात बेटे होती. भरतीचे पाणी त्यांच्यामधून आत शिरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीजवळची मोठी खिंड बांध घालून बंद करण्यात आली. पुढे एकामागून एक खाड्या भरत गेल्या. सखल भागांवर चाळी, गिरण्या, रस्ते आणि बाजार उभे राहिले. जमीन मिळाली, पण तिची उंची मात्र वाढली नाही.

२६ जुलै २००५ रोजी दुपारी पाऊस सुरू झाला. सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दुपारी समुद्राला जवळजवळ साडेचार मीटरची भरती होती. शहराची पर्जन्यजलवाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल, आणि तोही ओहोटीच्या वेळी, अशा बेताने आखलेली होती. समुद्राकडे उघडणाऱ्या १८६ मुखांपैकी ४५ मुखे सरासरी समुद्रपातळीच्याही खाली होती आणि केवळ ६ मुखे भरतीच्या पातळीच्या वर होती. साहजिकच पावसाचे पाणी बाहेर जाईना. उलट समुद्रच आत येऊ पाहत होता.

विहार आणि पवई तलावांचे सांडपाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी त्या दिवशी पहिल्यांदाच अनेकांच्या लक्षात आली. तिच्या काठावर भराव पडले होते, पात्रात वस्त्या व कारखाने आले होते, विमानतळासाठी तिचा प्रवाह वळवला गेला होता आणि मुखाजवळच्या खारफुटीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या होत्या. नदीला लोक नाला म्हणू लागले होते. वाट अरुंद झाल्यामुळे ती कुर्ला, कलिना, सायन या भागांतून वाट काढत गेली. त्या आठवड्यातील पावसात व पुरात महाराष्ट्रात एक हजाराच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली.

या आपत्तीची कारणे शोधण्यासाठी राज्य शासनाने ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विशेष म्हणजे पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी आणि समुद्रमुखाशी उदंचन केंद्रे बांधावीत, अशा शिफारशी करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल १९९३ सालीच तयार झालेला होता. बारा वर्षे त्याची अंमलबजावणी रेंगाळली. २००५ नंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे उदंचन केंद्रे सुरू झाली. मिठीचे पात्र रुंद व खोल करण्यात आले. परळच्या हिंदमाता परिसरात दरवर्षी पाणी तुंबत असे. तेथील पाणी भरतीच्या काळात साठवून ठेवण्यासाठी जवळच्या मैदानाखाली आणि उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. भरती असेपर्यंत पाणी टाकीत थांबते आणि ओहोटी लागली, की ते समुद्रात सोडता येते. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने हवामान कृती आराखडाही प्रसिद्ध केला.

या सर्व उपायांचे मर्म एकाच वाक्यात सांगता येईल : पाण्याला जाण्यासाठी वाट हवी आणि वाट बंद असेल त्या वेळी थांबण्यासाठी जागा हवी.

पाठगत प्रश्न १
(अ) २६ जुलै २००५ रोजी मुंबईतील पाणी समुद्रात का जाऊ शकले नाही?
(आ) हिंदमाता परिसरातील भूमिगत टाक्यांचा भरती-ओहोटीशी काय संबंध आहे?

३. पुराशी जमवून घेणारे घर

आता शहराकडून घराकडे वळू. पुराच्या वाटेवर घर बांधू नये, हा पहिला आणि उत्तम नियम होय. परंतु नदीकाठची शेती, बाजारपेठ, देवस्थान आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती सोडून सर्वांना जाणे शक्य नसते. अशा ठिकाणी घर कसे असावे?

आपल्या पूर्वजांनी याचे एक सुंदर उदाहरण घालून दिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडी हे दत्तक्षेत्र आहे. लोक त्याला नरसोबाची वाडी म्हणतात. पावसाळ्यात नदीचे पाणी चढत चढत मंदिरात येते, दत्तपादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. याला ‘दक्षिणद्वार सोहळा’ म्हणतात. त्या वेळी उत्सवमूर्ती वरच्या जागी नेतात, भाविक त्या प्रवाहात स्नान करतात. पाणी ओसरले, की मंदिर धुऊन स्वच्छ केले जाते आणि नित्याची पूजा सुरू होते. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून बांधणीकडे पाहिले, तर काय दिसते? बांधकाम दगडी आहे, म्हणून ते भिजून ढासळत नाही. पाण्याला आत यायला आणि बाहेर जायला मार्ग आहे, म्हणून भिंतींवर एकाच बाजूने दाब येत नाही. मौल्यवान वस्तू वर नेण्याची रीत ठरलेली आहे, म्हणून ऐनवेळी गोंधळ होत नाही.

आधुनिक स्थापत्यशास्त्र पूरप्रवण भागातील घराबद्दल याच गोष्टी सांगते. त्या क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट जोत्याची. जोते म्हणजे ज्या चौथऱ्यावर घर उभे असते तो भाग. परिसरात पूर्वी आलेल्या सर्वांत मोठ्या पुराची खूण शोधावी आणि राहती जमीन तिच्या वर घ्यावी. आसामातील माजुली बेटावर मिसिंग समाजाचे लोक बांबूच्या खांबांवर घर उभारतात. त्याला ‘चांग घर’ म्हणतात. पूर आला, की पाणी घराखालून निघून जाते. शहरांतील इमारतींचा तळमजला मोकळ्या खांबांवर ठेवण्यामागे हाच विचार असू शकतो; मात्र त्या खांबांमध्ये नंतर भिंती घालून दुकाने काढली, की तो विचार व्यर्थ ठरतो.

दुसरी गोष्ट सामग्रीची. पाण्याखाली जाऊ शकणारा भाग दगड, भाजलेली वीट, सिमेंट, फरशी यांचा असावा. कच्च्या मातीच्या भिंती पुरात पायथ्याशी विरघळतात आणि पाणी ओसरू लागल्यावर कोसळतात. म्हणूनच पूर उतरला तरी अशा घरात लगेच जाऊ नये.

तिसरी गोष्ट घरातील व्यवस्थेची. विजेचे मीटर, मुख्य खटके, पाण्याचा पंप, जनित्र ही यंत्रणा तळघरात किंवा जमिनीलगत ठेवण्याची सवय आपल्याकडे रुळली आहे. ही सवय जिवावर बेतू शकते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. तेथील एका रुग्णालयाला पाण्याने वेढले, वीजपुरवठा खंडित झाला आणि त्या काळात आठ रुग्ण दगावले. भिंती शाबूत असूनही इमारत निकामी होऊ शकते, हा त्यातून घ्यावयाचा धडा आहे. रुग्णालय, शाळा, दूरध्वनी केंद्र, पाणीपुरवठा केंद्र यांची यंत्रे पूरपातळीच्या वरच असली पाहिजेत.

चौथी गोष्ट सांडपाण्याची. पुरात गटाराचे पाणी उलट दिशेने शौचालयातून घरात येते. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप बसवली, की हे टळते. पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली असेल, तर तिचे तोंड उंच व घट्ट असावे.

पाचवी गोष्ट सुटकेची. प्रत्येक घराला किंवा निदान प्रत्येक गल्लीला वर जाण्याची एक जागा हवी. कोकणातल्या जुन्या घरांना माळा असे. गच्चीवर जाणारा जिना आतून असावा आणि तो कुलूपबंद नसावा. घरातील म्हातारी माणसे त्या जिन्याने चढू शकतील का, हेही आधीच पाहून ठेवावे.

४. निळी रेषा आणि लाल रेषा

केवळ घर सुधारून भागत नाही. समजा, एका माणसाने आपल्या जागेवर दोन मीटर भराव घालून घर उंच केले. त्याचे घर वाचले. पण त्याच्या जागेवर जे पाणी पसरत होते ते शेजाऱ्याच्या दारात गेले. शेजाऱ्यानेही भराव घातला, तर पाणी तिसऱ्याकडे जाईल. शेवटी ते ज्याच्याजवळ भरावासाठी पैसे नाहीत त्याच्या झोपडीत शिरेल. म्हणून पुराचा विचार घरापुरता न करता संपूर्ण नदीकाठाचा करावा लागतो.

यासाठी महाराष्ट्रात १९८९ पासून नद्यांच्या काठी दोन रेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवणारी ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवणारी ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील भाग निषिद्ध क्षेत्र मानला जातो. तेथे वस्ती नको, मैदान, बाग, शेती असावी. निळ्या व लाल रेषेच्या मधला भाग नियंत्रित क्षेत्र होय. तेथे पुराचा विचार करून, अटी पाळून बांधकाम करावे.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र फसू नये. आज पूर आला म्हणजे पुढची नव्याण्णव वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. तसा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असते, एवढाच त्याचा अर्थ. कोल्हापूरकरांना हे अनुभवाने ठाऊक आहे. तेथील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, ते ५६ फुटांच्या वर चढले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ साली ती ५७ फूट ओलांडून गेली. २००५ चा महापूर हाच सर्वांत मोठा असे समजून ज्यांनी सामान वरच्या फळीवर ठेवले होते, त्यांचे सामान २०१९ मध्ये फळीसह बुडाले.

रेषा कागदावर आखणे सोपे असते. नदीकाठच्या जागेला भाव आला, की ती रेषा नदीकडे सरकवण्याचा मोह होतो. नकाशावरील रेषा सरकते. पुराचे पाणी मात्र जुन्याच ठिकाणी येते. म्हणून आपल्या गावाची पूररेषा कोठे आहे, हे प्रत्येक नागरिकाला माहीत असले पाहिजे.

पाठगत प्रश्न २
(अ) नृसिंहवाडीच्या मंदिराच्या बांधणीतून घर बांधणाऱ्याने कोणते तीन धडे घ्यावेत?
(आ) एकट्याने भराव घालून घर उंच करण्यात कोणता दोष आहे?

५. समुद्राशी करार

समुद्राला अडवण्यासाठी कोकणात ठिकठिकाणी दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घातलेले दिसतात. काही ठिकाणी ते आवश्यकही असतात. परंतु लाटेचा जोर बंधाऱ्यावर आदळून नाहीसा होत नाही. बंधाऱ्याच्या पायथ्याची वाळू वाहून जाते आणि बंधारा जेथे संपतो तेथे किनारा अधिक झिजतो. म्हणून केवळ भिंतीवर विसंबून राहता येत नाही.

गोमंतकात याहून वेगळी रीत शेकडो वर्षे चालत आली आहे. मांडवी, झुआरी यांसारख्या नद्यांच्या मुखांजवळ भरतीचे खारे पाणी दूरवर आत येते. तेथील सखल जमिनीला ‘खाजन’ म्हणतात. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. नदीच्या बाजूने माती, पेंढा आणि जांभा दगड यांचा बांध असतो. बांधात ठरावीक जागी लाकडी दारे असलेली ‘मानस’ असते. भरती आली, की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते. ओहोटी लागली, की आतील पाणी ते दार ढकलून बाहेर जाते. वीज, यंत्र, पंप यांपैकी काहीही लागत नाही. आतील ‘पोंय’ नावाच्या खोलगट भागात जादा पाणी साठते आणि मासळी मिळते. शेतात ‘कोरगुट’ हे खारेपण सोसणारे भात पिकते. राहती घरे मात्र खाजनात नसतात. ती डोंगराच्या पायथ्याशी, उंचावर असतात. बांधाच्या नदीकडील बाजूला खारफुटी वाढू देतात, त्यामुळे लाटांचा मारा बांधावर थेट येत नाही.

ही व्यवस्था टिकली ती केवळ बांधामुळे नव्हे. बांध कोणी राखायचा, फुटला तर कोणी हजर व्हायचे, मासळीच्या उत्पन्नातून खर्च कसा भागवायचा, याचे नियम ‘गावकरी’ या ग्रामसंस्थेने घालून दिलेले होते. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर कसणाऱ्यांना हक्क मिळाले, ही न्यायाची गोष्ट झाली. परंतु बांधाची सामुदायिक राखण अनेक ठिकाणी सैल पडली. बांध फुटले, खारे पाणी शेतात शिरले, कोठे शेते ओसाड झाली तर कोठे त्यावर भराव पडला. यावरून लक्षात येईल, की पाण्याशी जमवून घेणारी रचना ही जशी मातीची व दगडाची असते, तशी ती माणसांमधील कराराचीही असते. करार मोडला, की बांधही मोडतो.

खारफुटीचे मोल मुंबईलाही उशिरा का होईना कळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीला आणि तिच्यावर भराव टाकण्याला मनाई केली. २०१२ साली राज्य शासनाने खारफुटीच्या रक्षणासाठी वनविभागात स्वतंत्र कक्ष स्थापन केला.

जगातही विचाराची दिशा अशीच बदलत गेलेली दिसते. नेदरलँड्स या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९५३ च्या महापुरात तेथे १८०० हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर त्या देशाने प्रचंड बांध आणि दरवाजे उभारून समुद्र रोखला. परंतु १९९५ मध्ये नद्यांना पूर आला, तेव्हा सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. बांध किती उंच करणार, हा प्रश्न उभा राहिला. मग ‘नदीला जागा द्या’ या अर्थाच्या नावाने एक योजना आखली गेली आणि तीसहून अधिक ठिकाणी नदीचे पात्र रुंद करण्यात आले, बांध मागे सरकवण्यात आले. ओव्हरडीप्से पोल्डर या भागातील शेतकऱ्यांनी तर स्वतःच तोडगा सुचवला : नदीकडचा बांध खाली करावा, मोठ्या पुरात शेतात पाणी येऊ द्यावे आणि आपली घरे व गोठे उंच टेकाडांवर नव्याने बांधावेत. काही शेतकरी टेकाडांवर राहिले, काहींना भरपाई घेऊन ते गाव सोडावे लागले.

६. तळ्यांचे शहाणपण

आता आपण पुन्हा छत्तीसगडमध्ये येऊ. येथील जुन्या गावांचे वैभव सांगताना लोक ‘छै आगर छै कोरी’ तळी असल्याचे सांगतात. कोरी म्हणजे वीस. सहा कोरी म्हणजे एकशे वीस आणि वर सहा, अशी एकशे सव्वीस तळी. दुर्ग जिल्ह्यातील धमधा आणि बिंबाजी भोसले यांनी जेथून कारभार केला ते रतनपूर, या दोन्ही गावांविषयी असे म्हटले जाते. आंघोळीचे तळे, गुरांचे तळे, देवाचे तळे अशी त्यांची विभागणी असे. एक तळे भरले, की त्याचे पाणी खालच्या तळ्यात उतरे. उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून तळी खोदली गेली. पण पावसाळ्यात हीच तळी पुराचा पहिला लोंढा स्वतःत सामावून घेत.

चीनने २०१५ पासून काही शहरांमध्ये ‘स्पंज शहर’ ही कल्पना राबवण्यास सुरुवात केली. पाणी शोषून घेणारे रस्ते, बागा, तळी आणि पाणथळ जागा यांच्या साहाय्याने शहराने पाऊस स्पंजाप्रमाणे टिपावा, अशी ती कल्पना आहे. छत्तीसगडच्या खेडुताला तिचे नाव नवे वाटेल. तिच्यातील तत्त्व नवे वाटणार नाही.

रायपूर आणि भिलाई या दोन शहरांच्या मध्ये, राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला असल्यामुळे कुम्हारीसारखी गावे झपाट्याने वाढत आहेत. अशा ठिकाणी रिकामे, कोरडे पडलेले तळे म्हणजे स्वस्तात मिळणारी मोकळी जागा असे वाटू लागते. परंतु तळे बुजवणे म्हणजे शहराची एक टाकी फोडणे होय. मुंबईने कोट्यवधी रुपये खर्चून मैदानाखाली टाकी बांधली. वाढत्या गावाजवळ ती आधीपासून आहे आणि ती राखणे बांधण्याहून कितीतरी स्वस्त आहे.

७. किंमत कोणी मोजायची?

पाण्याला जागा द्यायची, तर ती कोणाची तरी जागा असणार. हा या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. नदीकाठी झोपडी बांधणारा माणूस हौसेने तेथे गेलेला नसतो. कामाच्या जवळ, परवडेल अशी दुसरी जागा नसते म्हणून तो तेथे राहतो. त्याला दूर हलवले आणि कामावर जाण्याची सोय नसली, तर तो काही दिवसांनी परत नदीकाठी येतो. ज्या पात्रातून झोपडी हटवली त्याच पात्रात मोठी इमारत उभी राहू दिली, तर लोकांचा नियमावरील विश्वासच उडतो.

महानदीच्या वाटेच्या शेवटच्या टोकाजवळ, ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात सातभाया नावाचा गावांचा समूह होता. समुद्राने एकेक गाव गिळले. उरलेल्या कुटुंबांना अखेर आत, बागपतिया येथे वसवण्यात आले. घर मिळाले, तरी शेत, देऊळ, शेजार आणि मासेमारीची जागा मागे राहते. म्हणून स्थलांतर करावेच लागले, तर ते पूर येण्यापूर्वी, लोकांशी बोलून, उपजीविकेची सोय लावून करावे. तसे करणे हीदेखील रचनाच होय. तीत वीट-सिमेंट कमी आणि विवेक जास्त लागतो.

समारोप

मडके घडवताना कुंभार माती, पाणी आणि आकार यांचा मेळ घालतो. पाणी किती धरायचे आणि किती झिरपू द्यायचे, हे चांगल्या मडक्याला साधलेले असते. गावाचे आणि शहराचेही तसेच आहे. काही पाणी तळ्यात थांबावे, काही मातीत मुरावे, उरलेले मोकळ्या वाटेने जावे. समुद्रकाठी बांधावे ते भरती-ओहोटी ओळखून बांधावे. नदीकाठी बांधावे ते मागच्या पुराची खूण पाहून आणि पुढचा पूर त्याहून मोठा असू शकेल हे मनात धरून बांधावे.

पुढच्या पावसाळ्यात पहिली मोठी सर येईल, तेव्हा खिडकीत उभे राहून तुमच्या छपरावरचे पाणी कोठे जाते ते पाहा. ते वाटेत कोठे अडते, कोणाच्या दारात जाते, हे पाहा. पाण्याची वाट ओळखता येणे, ही या अभ्यासाची सुरुवात आहे.

आपण काय शिकलो?

• सिमेंटने झाकलेली जमीन, अरुंद झालेली नदी, जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आल्यास शहरात पूर येतो.
• उंच जोते, टिकाऊ सामग्री, वर ठेवलेली विद्युत यंत्रणा, सांडपाण्याची झडप आणि सुटकेचा मार्ग ही पूरसक्षम घराची लक्षणे होत.
• निळी व लाल पूररेषा, खाजन, खारफुटी आणि तळी पाण्याला वाट आणि जागा देतात.
• पाण्याला जागा देताना दुर्बल घटकांवर अन्याय होणार नाही, हे पाहणे आवश्यक आहे.

स्वाध्याय

१. ‘पाण्याशी जमवून घेणारी रचना ही माणसांमधील कराराचीही असते,’ हे विधान खाजन जमिनीच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ सांगून कोल्हापूरच्या अनुभवाशी त्याचा संबंध जोडा.
३. आपल्या घरातील विजेचा मीटर, पाण्याची टाकी आणि वर जाण्याचा जिना यांची पाहणी करा व पूर आल्यास काय घडेल, ते दहा ओळींत लिहा.
४. आपल्या गावातील वडीलधाऱ्या व्यक्तींना भेटून बुजलेल्या तळ्यांची किंवा नाल्यांची माहिती मिळवा. ती आपल्या नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवणारे पत्र लिहा.